बारा पाठमोऱ्या: जपानी केशरचनांच्या कॅलेंडरची नोंदवही

४ जून, ओसाका

काम पक्कं झालं. पुढच्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर, बारा पानं अधिक मुखपृष्ठ, विषय जपानी बायकांच्या केशरचना. चित्रं आणि मजकूर माझा, छपाई पुण्यात काकांच्या प्रेसमध्ये. फायली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हव्यात. दिवाळीआधी गठ्ठे दुकानात पोचले नाहीत तर पुढे कॅलेंडरला कोणी विचारत नाही.

काकांनी फोनवरच मुखपृष्ठ ठरवून टाकलं. "अगं, गेशा टाक सरळ. पांढरा चेहरा, लाल ओठ, डोक्यात फुलं. लोकांना जपान म्हटलं की तेच आठवतं." मी म्हटलं, काका, आतली पानं होऊ द्या, मग बघू.

एक गोष्ट मात्र मी आजच ठरवली. चेहरे काढायचे नाहीत. सगळ्या बायका पाठमोऱ्या, फार तर गालाची कड दिसेल एवढ्या वळलेल्या. चेहरा आला की बघणारा नाकडोळ्यांतच अडकतो, आणि जपानी अंबाड्याची सगळी करामत असते मागच्या बाजूला.

९ जून

एदो काळाची (१६०३ ते १८६८) कच्ची रेखाटनं. या काळातल्या केशरचनेला आज सरसकट 'निहोनगामी' म्हणतात. डोक्याचे भाग ठरलेले: कपाळावर उचललेले केस, कानांवरचे दोन पंख, मानेवर झुकलेला फुगा आणि माथ्यावरचा अंबाडा. कानांवरच्या पंखांना 'बिन' म्हणतात, मानेवरच्या फुग्याला 'ताबो'. प्रकार शेकडो आहेत, पण ते होतात या चार भागांचं माप आणि कोन बदलूनच.

कोणी काय बांधायचं हेही ठरलेलं. कोवळ्या मुलीचा मोमोवारे, म्हणजे मधोमध चिरलेल्या पीचसारखा. लग्नाच्या वयाची झाली की शिमादा. लग्न झालं की मारुमागे, तोही वय वाढेल तसा आकाराने लहान होत जाणारा. लग्न झालेली बाई दातही काळे करायची आणि भुवया भादरायची. रस्त्यात समोरून येणारी बाई कोणाची कोण, हे पंचवीस पावलांवरून कळत होतं. विचारायची सोयही नको आणि लपवायची मुभाही नको.

या नियमांच्या मुळाशी मात्र भलतीच मंडळी आहेत. शिमादा हे नाव तोकाइदो रस्त्यावरच्या शिमादा मुक्कामातल्या वेश्यांवरून पडलं असं सांगतात. मारुमागे आला कात्सुयामा अंबाड्यातून, आणि कात्सुयामा ही सतराव्या शतकातली, योशिवारा या एदोतल्या (आजच्या तोक्योतल्या) वेश्यावस्तीतली नामांकित गणिका. आज जपानी नवरी पारंपरिक पोशाखात उभी राहते तेव्हा तिच्या डोक्यावर असतो 'बुन्किन ताकाशिमादा', शिमादाचाच उंच अवतार. कोठीवरची फॅशन दोनेकशे वर्षांत मांडवात येऊन बसली, आणि आता तिच्याइतकं सोज्वळ दुसरं काही नाही! नवरीचं पान काढताना हे मजकुरात घालणार. काका कुरकुरतील.

१७ जून

आज हेइआन दरबार, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीचं क्योतो. इथे अंबाडा नाहीच. मधोमध भांग आणि पाठीवरून जमिनीपर्यंत सोडलेले सरळ केस. उंचीपेक्षा केस लांब असणं हेच सौंदर्य. 'गेन्जीची कथा' या त्या काळच्या कादंबरीतल्या सुएत्सुमुहाना या राजकन्येचं नाक लांब आणि शेंड्याला लाल, त्यावर कादंबरीभर थट्टा चालते. पण तिच्या तरुणपणच्या केसांचं लेखिकेने कौतुकच केलं आहे. 'ओकागामी' या इतिहासकथेत मुराकामी सम्राटाच्या होशी नावाच्या राणीबद्दल आहे: ती बैलगाडीत चढून बसली तरी केसांचं टोक अजून मुख्य दालनाच्या खांबापाशीच होतं. अतिशयोक्ती म्हणून सोडून द्या, पण दरबाराला काय ऐकायला आवडायचं ते कळतं.

विंचरायला तांदळाचं धुवण वापरत. न्हाणं हा दिवसभराचा कार्यक्रम, तोही मुहूर्त पाहून. संन्यास घेणाऱ्या दरबारी बाईचं डोकं एकदम भादरत नसत; केस खांद्यापाशी कापत. म्हणजे सोडलेल्या केसांचं नुसतं टोक कुठे संपतं यावर ती संसारात आहे की बाहेर हे ठरायचं.

चित्राची अडचण अशी की एवढे केस उभ्या पानातही मावत नाहीत. शेवटी ते चित्राच्या चौकटीबाहेर काढले आणि तारखांच्या घरांमधून थेट पानाच्या तळापर्यंत सोडले. फोटो पाठवला. काकांचं उत्तर: "छान आहे. पण एकादशी कुठे लिहू?"

तारखांचे आकडे केसांवर पांढऱ्यात येतील, तिथ्या बाजूच्या समासात. काकांनी मान्य केलं.

२८ जून, क्योतो

हिगाशी होन्गान्जी देवळात गेले. क्योतो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. दोन मुख्य मंदिरांना जोडणाऱ्या ओसरीत काचेच्या पेटीत एक दोरखंड ठेवलेला आहे. तो केसांचा आहे.

देवळाच्या दोन मुख्य वास्तूंची फेरबांधणी १८८० ते १८९५ या काळात झाली. प्रचंड लाकडं ओढताना साधे दोर तुटायचे, म्हणून ठिकठिकाणच्या भक्त बायकांनी केस कापून दिले आणि तागाबरोबर पिळून त्यांचे दोर वळले. असे एकूण ५३ दोर. सर्वांत लांब ११० मीटरचा. पेटीतला ६९ मीटर लांब, घेर ३० सेंटिमीटर, वजन ३७५ किलो, एचिगोहून म्हणजे आजच्या निइगाताकडून आलेला.

चित्रासाठी पेटीजवळ बराच वेळ बसले. लांबून तो काथ्याच्या जुनाट दोरासारखा मळकट वाटतो. नाक काचेला लावलं की एकेक बट दिसते. काही काळी, काही तांबूस, काही पार पांढरी. म्हाताऱ्यांनीही दिले होते. 'केस म्हणजे बाईचा जीव' असं जपानीत म्हणतात. ज्या काळात आखूड कापलेल्या केसांनी बाहेर पडणं ही विधवेची किंवा संन्यासिनीची खूण होती, त्या काळात या बायका तशा डोक्याने घरी वावरल्या असणार. कोणाच्या घरी काय बोलणी झाली ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. आपल्याकडच्या वाचकाला केशवपन हा शब्द लगेच आठवेल. पण केशवपनात बाईचा होकार नव्हता, हा फरक मजकुरात आला पाहिजे.

या पानावर बाई नाही. नुसता दोर, पानभर.

७ जुलै

आमच्या वस्तीत एक निवृत्त केशकार बाई आहेत. आयुष्यभर नवऱ्या सजवल्या. सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात, मीही. आज त्यांनी सरावाच्या डोक्यावर शिमादा बांधून दाखवला आणि मी शेजारी बसून रेखाटत होते.

सुरुवात माथ्यावरच्या मुळापासून. एवढा एक झुबका वेगळा घेऊन तो बांधायचा, बाकी सगळं डोकं मग त्याला येऊन मिळतं. बांधायला 'मोतोयुई', कागद पिळून केलेली बारीक पांढरी दोरी. सेन्सेईंनी तिचं एक टोक दातांत धरलं, दुसरं उजव्या हातात, डाव्या मुठीत केस. मग मान मागे नेत ओढली. दोरी करकरली. "जिवंत डोक्यावर इथे डोळ्यांचे कोपरे वर चढतात," त्या म्हणाल्या. "मूळ हललं की वरचं सगळं नाटक." चार वेढे, गाठ, आणि उरलेलं टोक कात्रीने नखाएवढं ठेवून कापलं.

नंतर तेल. तेल कसलं, मेणच ते. 'बिन्त्सुके' नावाची घट्ट वडी. तळहातावर घासून मऊ करायची आणि केसांना लावायची. गोडसर वास. मार्चमध्ये इथे सुमोची स्पर्धा असते तेव्हा लोकलमध्ये पैलवान शेजारी उभा राहिला की हाच वास येतो, कारण त्यांच्या शेंडीलाही हेच लागतं. मेण लावलेले केस दातेरी फणीने ओढले की पंख्यासारखे पसरतात आणि तसेच राहतात. कानांवरचे पंख, मानेवरचा फुगा, कपाळावरचे केस, आणि अंबाडा अगदी शेवटी. फण्या एकीपेक्षा एक बारीक, सगळ्या त्सुगे नावाच्या झाडाच्या लाकडाच्या, तेलाने मधाळ रंगाला आलेल्या. आईने लग्नात वापरलेलं गंगावण मी कुतूहलाने दाखवायला नेलं होतं. सेन्सेईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, ओढून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली.

मला वाटलं होतं आज अंबाडा काढायला शिकेन. वहीत मात्र हातच हात आहेत. दातांत दोरी धरलेलं ते तोंड तर पाच वेळा काढलंय.

१६ जुलै, क्योतो

गिओन उत्सवाची संध्याकाळ. गर्दी, घाम, बासऱ्यांचा आवाज. माइको म्हणजे गेइको (क्योतोतली गेशा) होण्याआधीच्या शिकाऊ मुली; त्यांतल्या जरा जुन्या झालेल्या या दिवसांत कात्सुयामा बांधतात. दोन फाटके क्षण दिसली एक. मी मागे लागले नाही. पर्यटकांच्या पाठलागामुळे गिओनमधल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून बंद केल्या आहेत, आणि बरंच केलं.

माइकोचे केस स्वतःचे असतात. आठवड्यातून एकदा बांधायचे आणि ते मोडू नयेत म्हणून रात्री उंच लाकडी उशीवर मान टेकून झोपायचं. माथ्यावर रोजची ओढ बसून तिथले केस विरळ होतात, कधी टक्कल पडतं. पुढे गेइको झाली की टोप घालते, सुटका होते. मधल्या पायऱ्याही डोक्यावरच लिहिलेल्या: नवखीचा वारेशिनोबु, त्यात लाल रेशमाची पट्टी डोकावते, जरा जुनी झाली की ओफुकु, आणि शेवटच्या थोड्या दिवसांचा साक्को. तो संपतो तेव्हा अंबाड्याचा बंध कापतात.

डोक्यातली फुलं महिन्यागणिक बदलतात. फेब्रुवारीत प्लम, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुलं, एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये विस्टेरिया, जुलैत पंखे, नोव्हेंबरमध्ये मेपल. रेशमाचे चिमुकले चौकोन चिमट्याने दुमडून, भाताच्या खळीने चिकटवून ही फुलं होतात. डिसेंबरच्या दागिन्यात लाकडी पाटीच्या आकाराचे दोन कोरे तुकडे असतात. मिनामिझा नाट्यगृहात काबुकी बघायला गेलं की आवडत्या नटाची त्यावर सही घ्यायची. नवीन वर्षाच्या दागिन्यात भाताची लोंबी आणि एक पांढरं कबुतर, त्याला डोळा नसतो. तो मनातल्या माणसाने काढायचा, असा संकेत. संसार मांडून न बसलेल्या मुलींच्या जगातला हा खट्याळपणा मला फार आवडतो.

बारा महिने, बारा फुलं: कॅलेंडरला आयतंच होतं. काका तर म्हणाले, "मग बाकीचं कशाला?" पण मग माझं कॅलेंडर एका गल्लीतल्या थोड्या मुलींचं झालं असतं. बाराही फुलं तारखांच्या कोपऱ्यात बारीक येतील. माइकोला पान एकच.

२ ऑगस्ट

दातांत दोरी धरणारी बाई डोक्यातून जात नाही. तिच्याबद्दल वाचतेय.

आधी सर्वसाधारण घरातली बाई आपला अंबाडा आपण बांधायची; यायलाच हवं असं ते काम होतं. अठराव्या शतकात रचना इतक्या अवघड झाल्या की स्वतःच्या हाताने जमेना. एक प्रकार तर असा, की कानांवरचे पंख आतून देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीने ताणायचे. केस इतके विरळ पसरायचे की आरपार दिसावं. त्याचं नावच कंदील. तेव्हा घरोघर जाऊन केस बांधणाऱ्या बायका पुढे आल्या, त्या 'ओन्ना कामियुई'. बाईच्या हातात रोख पैसा, तोही स्वतःच्या कसबाचा.

सरकारला ते रुचलं नाही. १७९५ मध्ये हुकूम निघाला: केस बांधून घेणं ही चैन आहे, बायकांनी आपापले बांधावेत, आणि कामियुईंनी शिवण, धुणं असलं बायकी काम धरावं. धंदा काही थांबला नाही. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला तेन्पो नावाच्या सरकारी सुधारणांत पुन्हा बंदी, या वेळी धरपकड आणि शिक्षा. तरीही थांबला नाही. उलट बायकोच्या कमाईवर आरामात बसून खाणाऱ्या पुरुषाला 'कामियुईचा नवरा' म्हणायची पद्धत पडली, ती आजही आहे. बंदी घातलेल्या धंद्यावर नवरा पोसला जातो म्हणजे धंदा कसा चालला असेल बघा.

काकांच्या गेशाच्या जागी मुखपृष्ठावर ही येणार. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

१३ ऑगस्ट

ओबोन या पितरांच्या सणाची सुट्टी, सगळं बंद, त्यामुळे एदोनंतरचा मेइजी काळ (१८६८ ते १९१२) एका बैठकीत उरकला.

१८७१ मध्ये पुरुषांना शेंडी कापायची मोकळीक मिळाली. काही बायकांनी उत्साहाने स्वतःचेही कापले. १८७२ मध्ये तोक्यो प्रशासनाने बायकांना केस कापायला बंदी केली. कारणाशिवाय कापले तर दंड. पुरुषाचं कापणं ही प्रगती, बाईचं कापणं हा गुन्हा, अंतर एका वर्षाचं. दातांचं मात्र वरून सुटलं: १८७३ मध्ये सम्राज्ञीने दात काळे करणं सोडलं.

१८८५ मध्ये वातानाबे कानाए हे डॉक्टर आणि इशिकावा एइसाकु यांनी 'फुजिन सोकुहात्सु काइ' ही संस्था काढली. त्यांचं म्हणणं, जुना अंबाडा गैरसोयीचा, आरोग्याला वाईट आणि खर्चिक. तो सोडून पाश्चात्त्य धर्तीचा साधा अंबाडा बांधा. कसा बांधायचा याची रंगीत छापील चित्रं विकली गेली. म्हणणं खोटं नव्हतं, पण बाईच्या डोक्यावर काय असावं हे सांगायला पुन्हा दोन पुरुषच.

मग रशियाशी युद्ध. डिसेंबर १९०४ मध्ये पोर्ट आर्थरजवळची २०३ मीटर उंचीची टेकडी जपानने प्रचंड मनुष्यहानी सोसून घेतली, आणि कपाळावर फुगवून माथ्यावर डोंगर उभारलेल्या केशरचनेला लोकांनी 'दोनशेतीन टेकडी' म्हणायला सुरुवात केली. हे पान मला विनोदी करता येईना. टेकडी काढली, बाई काढली, आणि दोघींच्या कडा एकाच रेषेत ठेवल्या.

२५ ऑगस्ट

पुण्याहून चाचणीची छपाई कुरिअरने आली. सगळे केस राखाडी! नुसती काळी शाई मोठ्या भागावर टाकली की ती मेलेली दिसते. खाली निळ्याचा हात दिला की काळ्याला खोली येते, पण मग सुटे केस काढलेल्या बारीक रेषांना निळी कड सुटते. उपाय: अंबाड्याच्या भरीव भागाला खाली निळा, मानेवरच्या आणि कपाळाच्या कडेच्या रेषा निव्वळ काळ्या.

लाकडी ठशांची चित्रं करणाऱ्या उतामारो या चित्रकाराच्या काळचे कारागीर हेच लाकडात करत होते. १७९०च्या दशकातल्या त्याच्या चित्रांत केसांची कड बघा. चेरीच्या फळीवर एकेक केस उभा ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. एक निसटला तर चेहऱ्याची फळी वाया. म्हणून चेहरा आणि केस कारखान्यातला सर्वांत मुरलेला कोरणारा करायचा, कपडे-बिपडे शिकाऊंकडे. चित्रावर नाव उतामारोचं.

५ सप्टेंबर

दोन पानं, दोन्हींवर काकांशी वाद.

पहिलं पर्मचं. १९३०च्या दशकात विजेच्या यंत्राने केस कुरळे करायची लाट आली. जून १९३९ मध्ये युद्धकाळच्या काटकसरीत सरकारने पर्म बंद करण्याचा ठराव केला. पोरं रस्त्यात पर्मवालीला चिडवायची. सलूनवाल्यांनी 'विजेचे केस' असं देशी नाव देऊन धंदा चालू ठेवला, आणि वीजच मिळेना तेव्हा कोळशावर कुरळे केले. गिऱ्हाईक आपला कोळसा घरून घेऊन यायचं. मी काढलंय तेच: मान खाली, कुरळे केस, हातात कोळशाची पिशवी. काका म्हणाले, "हे सुंदर नाहीये गं." मी म्हटलं, माझं सर्वांत आवडतं पान आहे.

दुसरं शाळेचं. ओसाकातल्या एका सरकारी शाळेतल्या मुलीने २०१७ मध्ये दावा लावला: जन्मतः तपकिरी केस, शाळेने पुन्हा पुन्हा काळे रंगवायला लावले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ३,३०,००० येन भरपाई दिली, तीही तिचं बाक आणि पटावरचं नाव काढून टाकल्याबद्दल. काळे करायला लावण्याचा नियम मात्र गैर ठरवला नाही. तोक्योच्या सरकारी हायस्कुलांनी असले नियम एप्रिल २०२२ पासून काढून टाकले.

"कॅलेंडरमध्ये कोर्टकचेरी कशाला?" काका म्हणाले. मी मारुमागेचं पान आणि हे पान शेजारी ठेवून पाठवलं. रात्री उशिरा उत्तर आलं: "राहू दे. पण ते सप्टेंबरला टाक, जूनमध्ये नको. जूनमध्ये शाळा उघडतात, पालक बघतील."

सप्टेंबरचा चौथा सोमवार, क्योतो

यासुइ कोन्पिरागु देवळातला फण्यांचा उत्सव. जुन्या, दात मोडलेल्या फण्या इथल्या फणीच्या स्मारकापाशी आणून वाहतात. १९६१ पासूनची रीत. मग वेगवेगळ्या काळांच्या केशरचना केलेल्या बायका गिओनमधून मिरवत जातात, आणि केस बहुतेकींचे स्वतःचे. हानिवा मृण्मूर्तींच्या डोक्यावर दिसतो तसला पाटीसारखा चपटा अंबाडा आजवर मातीतच पाहिला होता. जिवंत मानेवर तो डुलतो, हे चित्रात आलंच नव्हतं. आता रेषा बदलते.

फणीचं एक पान आहेच, इसेच्या राजकन्येचं. सम्राटाच्या घरातली अविवाहित मुलगी इसेच्या देवस्थानी सेवेला पाठवायची जुनी प्रथा. निघताना सम्राट स्वतःच्या हाताने तिच्या केसांत फणी खोवायचा आणि सांगायचा, राजधानीकडे परत फिरू नकोस. ही निरोपाची फणी. मुलगी पोरसवदा, अंगावर दहा पदर, आणि सम्राटाचा हात फक्त मनगटापर्यंत दिसतो.

मिरवणुकीत माझी नजर मात्र कडेने चालणाऱ्या बायकांवर. साधे काळे कपडे, कमरेला पिशवी, तिच्यात फण्या. कोणाचा पंख ढळला की दोन पावलं पुढे येऊन नीट करतात आणि परत कडेला.

१ ऑक्टोबर

फायली पाठवल्या. लगेच नवीन भानगड. वायरो (तारेच्या) बाइंडिंगला वर मधोमध खिळ्यासाठी अर्धचंद्र कापतात, आणि तो बरोबर अंबाड्यांच्या माथ्यावर येतोय. सगळी डोकी १४ मिलिमीटर खाली घेतली. हेइआनच्या केसांची टोकं त्यामुळे पानाबाहेर गेली, जाऊ देत.

मुखपृष्ठही धाडलं: सेन्सेईंचं ते रेखाटन, रंगवलेलं. पुढे बसलेल्या नवरीची फक्त मान आणि अर्धवट बांधलेला शिमादा. मागे उभी केस बांधणारी, दातांत पांढरी दोरी, मान मागे ताणलेली. सबंध कॅलेंडरमध्ये चेहरा आहे तो एवढाच.

तासाभराने काकांचा फोन. "ही कोण बाई? तोंडात काय धरलंय तिने?"

"दोरी आहे काका. केस बांधतेय."

"आणि गेशा?"

"पुढे बसलीये ती नवरी आहे. गेशा एप्रिलमध्ये."

काका थोडा वेळ कोणाशी तरी बोलत होते, मागे मशीन चालू होतं. "बरं," म्हणाले, "दोरी जरा जाड कर. लांबून दिसत नाही."

दोरी अर्ध्या पॉइंटने जाड केली. फाईल परत पाठवली.